लोकसभेचा एक दिवस कसा वाचायचा : आदल्या संध्याकाळच्या कार्यसूचीपासून तीन महिन्यांनंतरच्या आश्वासनापर्यंत

संध्याकाळच्या बातम्यांत लोकसभेचा अख्खा दिवस दोन घोषणा, एक हातवारा आणि ‘कामकाज तहकूब’ एवढ्यात आटोपतो. त्याच दिवशी सरकारनं अडीचशे प्रश्नांची उत्तरं छापून दिलेली असतात, डझनभर अहवाल पटलावर, म्हणजे अधिकृतपणे सभागृहासमोर, ठेवलेले असतात. एखाद्या विधेयकाची कलमंही मंजूर झालेली असतात. यातलं काहीही गुप्त नसतं, सगळं त्याच दिवशी जाहीर होतं. ते कुठे आणि कोणत्या क्रमानं पाहायचं हे ठाऊक नसल्यामुळे आपल्यापर्यंत फक्त आरडाओरडा पोचतो.

हा लेख पत्रकारितेचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, नागरिकशास्त्र शिकवणारे शिक्षक आणि आपला खासदार दिल्लीत नेमकं काय करतो हे पाहू इच्छिणारे, अशा सगळ्यांसाठी आहे. लागणारं साहित्य म्हणजे इंटरनेट, एक वही आणि आदल्या संध्याकाळचा अर्धा तास. माझा आग्रह एकच आहे : आधी कागद, मग पडदा. कागद न वाचता थेट प्रक्षेपण लावलं, तर दहा मिनिटांत कंटाळा येतो. कागद हातात असेल, तर गोंधळातही काय चाललंय ते कळतं.

पायरी १ : दिवस नीट निवडा

संसदेची वर्षाला साधारण तीन अधिवेशनं होतात : अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी. राज्यघटनेच्या अनुच्छेद ८५ ची अट इतकीच आहे, की दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर पडू नये. किती दिवस बसायचं, याला घटनेत बंधन नाही. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या आणि पाच वर्षं पूर्ण केलेल्या सतराव्या लोकसभेच्या २७४. तेव्हा जो दिवस मिळतो, तो वाया घालवू नका.

राष्ट्रपतींच्या अभिभाषणाचा आणि अर्थसंकल्प मांडण्याचा दिवस पहिल्या अभ्यासासाठी घेऊ नका. त्या दिवशी प्रश्नोत्तराचा तास नसतो आणि नेहमीची घडीही नसते. मंगळवार ते गुरुवार यांपैकी एक दिवस घ्या, शुक्रवार वेगळा पाहा. त्याचं कारण पुढे येईल.

दिवस ठरवण्याची आणखी चांगली रीत म्हणजे मंत्रालय पाहून ठरवणं. प्रश्नांसाठी सगळी मंत्रालयं पाच गटांत वाटलेली असतात आणि प्रत्येक गटाला आठवड्यातला एक वार मिळतो. रेल्वे, कृषी, आरोग्य, यांपैकी तुमच्या जिव्हाळ्याचा विषय कुठल्या वारी येतो, ते अधिवेशनाच्या सुरुवातीला निघणाऱ्या तक्त्यात मिळतं. सोलापूर-नाशिकच्या कांदा उत्पादकानं कृषी आणि ग्राहक व्यवहार खात्यांचे वार धरावेत. बाकीचे वार सोडले तरी चालतील.

पायरी २ : आदल्या संध्याकाळी कार्यसूची उतरवून घ्या

‘संसद डॉट इन’ या संकेतस्थळावर लोकसभेच्या विभागात दररोजची कार्यसूची मिळते, हिंदीत आणि इंग्रजीत. चार-सहा पानांचा हा कागद म्हणजे दिवसाचा कणा. त्यातला क्रम सहसा ठरलेला असतो : प्रश्न, पटलावर ठेवायची कागदपत्रं, समित्यांचे अहवाल, मंत्र्यांची निवेदनं, नवी विधेयकं मांडणं, लोकसभेच्या नियमावलीतल्या नियम ३७७ खालचे विषय आणि मग विधेयकांवरची किंवा अर्थसंकल्पी मागण्यांवरची चर्चा. कुठल्या विषयाला किती तास, हे कामकाज सल्लागार समितीत ठरतं. तिचे अध्यक्ष खुद्द लोकसभाध्यक्ष असतात. तो वेळ पुढे पक्षांमध्ये संख्याबळानुसार वाटला जातो. एखाद्या लहान पक्षाच्या खासदाराचं भाषण तीन-चार मिनिटांत का गुंडाळलं जातं, याचं उत्तर या वाटपात आहे.

कार्यसूची वाचताना वहीत तीन गोष्टी टिपा : आज कोणतं विधेयक ‘मांडलं’ जाणार, कोणतं ‘विचारार्थ’ घेतलं जाणार, आणि कोणत्या समितीचा अहवाल येणार. सकाळी पुन्हा एकदा संकेतस्थळ उघडा, कारण बरेचदा पुरवणी कार्यसूची निघते. महत्त्वाचं विधेयक आदल्या दिवशीच्या यादीत नसून पुरवणीत आलं असेल, तर ती गोष्ट ठळक अक्षरांत टिपून ठेवा. सदस्यांना ते वाचायला किती वेळ मिळाला, याचा तो पुरावा आहे.

प्रश्नांच्या याद्या वेगळ्या असतात. छापील प्रतींत तारांकित (तोंडी उत्तराच्या) प्रश्नांची यादी हिरव्या कागदावर आणि अतारांकितांची (फक्त लेखी उत्तराच्या) पांढऱ्या कागदावर असते. अल्पसूचना, म्हणजे नेहमीपेक्षा कमी मुदतीत विचारलेले तातडीचे प्रश्न फिक्या गुलाबी कागदावर येतात. पडद्यावर हा रंग दिसत नाही, पण जुन्या खासदारांच्या बोलण्यात ‘हिरवी यादी’ येते ती हीच.

पायरी ३ : सभागृह डोळ्यांसमोर आणा

१९ सप्टेंबर २०२३ पासून लोकसभा नव्या इमारतीत बसते. जुन्या गोल इमारतीला आता संविधान सदन म्हणतात. नव्या सभागृहात ८८८ आसनांची सोय आहे, सदस्य मात्र ५४३ आहेत. त्यांत महाराष्ट्राचे ४८ आणि गोव्याचे दोन. अध्यक्षांच्या उजव्या हाताला सत्ताधारी, डाव्या हाताला विरोधक. अध्यक्षांसमोरच्या टेबलाशी महासचिव, त्यांचे सहकारी आणि शब्दन् शब्द टिपणारे प्रतिवेदक बसतात. सदस्य ‘वेलमध्ये उतरले’ असं बातमीत येतं, ती जागा म्हणजे हीच.

अध्यक्ष दिवसभर आसनावर नसतात. उपाध्यक्ष किंवा तालिकेवरचे (अध्यक्षांनी त्यासाठी नेमलेल्या यादीतले) सदस्य काम चालवतात आणि ज्या क्षणी जो आसनावर असेल त्याला अध्यक्षांचेच अधिकार असतात. गणपूर्तीसाठी, म्हणजे कामकाजाला लागणाऱ्या किमान हजेरीसाठी, एक-दशांश, म्हणजे ५५ सदस्य हवेत. दुपारच्या चर्चेत बाकं मोकळी दिसली, तरी कुणी हरकत घेईपर्यंत काम चालू राहतं. हरकत घेतली की घंटा वाजते आणि लॉबीतून, समितीच्या खोल्यांतून सदस्य धावत येतात.

थेट प्रक्षेपण संसद टीव्हीच्या पहिल्या वाहिनीवर लोकसभेचं आणि दुसऱ्यावर राज्यसभेचं असतं. यूट्यूबवरही दिसतं. लातूरचे शिवराज पाटील लोकसभाध्यक्ष असताना, १९९४ मध्ये, प्रश्नोत्तराच्या तासाचं थेट प्रक्षेपण सुरू झालं. मंत्रालयनिहाय स्थायी समित्याही त्यांच्याच कारकीर्दीत, १९९३ मध्ये उभ्या राहिल्या. या दोन गोष्टींमुळे सामान्य माणसाला संसद पाहता येऊ लागली, म्हणून हे ऋण नोंदवावंसं वाटतं.

पायरी ४ : अकरा ते बारा, हिरव्या यादीचा तास

आता हिरवी यादी समोर ठेवा. त्यात वीस तारांकित प्रश्न असतात. तारांकित म्हणजे तोंडी उत्तराचा, ज्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. याखेरीज त्या दिवसासाठी २३० पर्यंत अतारांकित प्रश्न असतात. त्यांची उत्तरं फक्त लेखी येतात. हे सगळे प्रश्न सदस्यांनी किमान पंधरा दिवस आधी दिलेले असतात आणि यादीतला क्रम सोडतीनं ठरलेला असतो. म्हणजे पहिला प्रश्न कुणाचा, यात अध्यक्षांची मर्जी नसते, नशीब असतं.

अध्यक्ष प्रश्नाचा क्रमांक आणि सदस्याचं नाव पुकारतात. मंत्री उठून उत्तर वाचत नाहीत. ‘विवरण सभा पटल पर रख दिया गया है’ एवढंच म्हणून बसतात. नवख्या प्रेक्षकाला इथेच वाटतं, की उत्तर टाळलं. तसं नाही. छापील उत्तर सदस्यांकडे आलेलं असतं आणि खरा खेळ आता सुरू होतो. मूळ प्रश्नकर्ता पूरक प्रश्न विचारतो, मग अध्यक्ष इतरांना एकेक संधी देतात. पूरक प्रश्न मंत्र्याला आधी माहीत नसतो. मंत्र्यांच्या मागे, अधिकाऱ्यांच्या सज्जातून चिठ्ठ्या येऊ लागल्या, की समजावं प्रश्न वर्मी बसला.

तुमच्या वहीत चार रकाने करा : प्रश्न कशाचा, छापील उत्तरात काय आहे, पूरक प्रश्न काय होता, आणि मंत्र्यानं त्याच प्रश्नाचं उत्तर दिलं की दुसऱ्याच. हा चौथा रकाना प्रामाणिकपणे भरा, आवडत्या पक्षाचा मंत्री असला तरी. तासाभरात वीसपैकी पाच-सहा प्रश्नच तोंडी होतात. उरलेल्यांची उत्तरंही लेखी मिळतात, त्यामुळे काही हातचं जात नाही.

पूरक प्रश्नाची ताकद काय असते, याचं जुनं उदाहरण आजही शिकण्याजोगं आहे. आयुर्विमा महामंडळानं हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे शेअर घेतले, ही बाब १९५७ साली लोकसभेतल्या प्रश्नोत्तरांतून पुढे आली. फिरोज गांधींनी, स्वतः सत्ताधारी पक्षाचे असून, ती लावून धरली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांचा एकसदस्य आयोग बसला, त्याची सुनावणी मुंबईत खुली झाली, आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना राजीनामा द्यावा लागला. देशाच्या अर्थमंत्र्याचं पद गेलं, त्याची सुरुवात एका साध्या प्रश्नानं झाली होती.

म्हणून अकरा वाजता घोषणाबाजीत सभागृह बारापर्यंत तहकूब झालं, की मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. लेखी उत्तरं येतात हे खरं, पण मंत्र्याला समोरासमोर अडवण्याची ती संधी गेली ती गेलीच. त्या अर्थानं तहकुबीचा फायदा कुणाला झाला, हे प्रत्येकानं स्वतः तपासावं. सप्टेंबर २०२० च्या करोनाकाळातल्या अधिवेशनात तर हा तास मुळातच वगळला होता, फक्त लेखी उत्तरं होती.

राज्यसभा पाहणार असाल तर क्रम उलटा आहे. तिथे नोव्हेंबर २०१४ पासून सकाळी आधी शून्य प्रहर (तातडीचे विषय मांडण्याची वेळ, त्याबद्दल पुढच्या पायरीत) असतो आणि प्रश्नोत्तराचा तास दुपारी बाराला. तारांकित प्रश्न तिथे पंधरा असतात.

पायरी ५ : बाराचा ठोका

बारा वाजताची पाच-दहा मिनिटं टीव्हीवर सगळ्यांत रटाळ दिसतात. मंत्री भराभर उठतात, ‘मैं पत्र सभा पटल पर रखता हूँ’ म्हणतात आणि बसतात. तुम्ही मात्र या वेळी कार्यसूची उघडी ठेवा. महालेखापरीक्षकांचे अहवाल इथेच येतात. सार्वजनिक कंपन्यांचे वार्षिक अहवाल इथेच येतात आणि ते उशिरा आले असतील, तर उशिराची कारणं सांगणारं निवेदन सोबत जोडावं लागतं. कायद्याखाली सरकारनं केलेले नियम आणि अधिसूचनाही इथेच पटलावर येतात. गोंधळ चालू असतानासुद्धा हे काम उरकलं जातं, म्हणून ‘दिवस वाया गेला’ असं बातमी म्हणते तेव्हाही ते पूर्ण खरं नसतं.

याच वेळी अध्यक्ष स्थगन प्रस्तावांच्या सूचनांबद्दल निर्णय सांगतात. नियम ५६ खालचा स्थगन प्रस्ताव म्हणजे ठरलेलं सगळं काम बाजूला ठेवून एका तातडीच्या विषयावर चर्चा. त्यात सरकारवर ठपका ठेवण्याचा भाग येतो, म्हणून राज्यसभेत ही तरतूद नाही. लोकसभेत अशा सूचना जवळपास रोज दिल्या जातात आणि क्वचितच स्वीकारल्या जातात. ‘अमुक खासदारानं स्थगन प्रस्ताव दिला’ ही बातमी वाचून भारावू नका. सूचना देणं आणि ती मान्य होणं यांत फार अंतर आहे.

मग शून्य प्रहर. नियमांच्या पुस्तकात हा शब्द नाही, तो प्रथेतून रूढ झाला. सदस्य त्याच दिवशी सकाळपर्यंत सूचना देतात, सोडत होते, आणि नाव पुकारलं की दोन-तीन मिनिटांत मतदारसंघातला तातडीचा विषय मांडतात. कोकण रेल्वेचा थांबा, पीकविम्याची रखडलेली भरपाई, धरणग्रस्तांचं पुनर्वसन, आपल्या भागातले विषय बहुधा इथेच ऐकू येतात. मंत्र्यानं लगेच उत्तर द्यायचं बंधन नसतं. जुलै २०१९ मध्ये एका दिवशी हा ‘प्रहर’ रात्रीपर्यंत लांबवून दीडशेहून जास्त सदस्यांना बोलू दिलं होतं.

सदस्य मराठीतही बोलू शकतो. अनुच्छेद १२० प्रमाणे मातृभाषेला अध्यक्षांची परवानगी लागते आणि व्यवहारात आधी कळवलं की सभागृहात एकाच वेळी भाषांतर ऐकवण्याची सोय होते. ही सोय मराठीला बऱ्याच काळापासून आहे. आपल्या खासदाराला हिंदी-इंग्रजीत अडखळण्यापेक्षा मराठीत ठामपणे बोलायचं असेल, तर त्यात कमीपणा काहीच नाही.

पायरी ६ : नियम ३७७, थोडक्यात

जेवणाच्या सुट्टीच्या आसपास नियम ३७७ खालचे विषय येतात. दिवसाला वीसपर्यंत. मजकूर आधी मंजूर करून घेतलेला असतो आणि तोच वाचायचा किंवा पटलावर ठेवायचा. नाट्य काही नाही, पण संबंधित मंत्र्याकडून पुढे लेखी उत्तर येतं, त्यामुळे चिकाटीच्या खासदाराला हे हत्यार उपयोगी पडतं. राज्यसभेत याला ‘विशेष उल्लेख’ म्हणतात. विधानसभेत रोज दिसणारी लक्षवेधी सूचना लोकसभेतही आहे, नियम १९७ खाली. मात्र इथे ती कमी वेळा येते. मुंबई-नागपूरचं कामकाज पाहायची सवय असलेल्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

पायरी ७ : दुपारी दोननंतर, विधेयक

दिवसाचा सगळ्यात मोठा भाग हा. इथे घाई करू नका.

आधी विधेयकाचा मसुदा उतरवून घ्या आणि शेवटाकडून वाचायला लागा. शेवटी ‘उद्देश आणि कारणं’ यांचं निवेदन असतं, त्यात सरकारला हा कायदा का हवा ते दोन पानांत सांगितलेलं असतं. त्यापुढे वित्तीय ज्ञापन, म्हणजे खर्च किती. मग प्रत्यायोजित विधिविधानाचं ज्ञापन : कायद्यात न लिहिता पुढे नियमांनी ठरवायच्या गोष्टींची यादी. ही यादी लांब असेल, तर सावध व्हा. संसद आज सांगाडा मंजूर करते आहे आणि खरं शरीर पुढे एखाद्या अधिसूचनेनं येणार आहे. तीच अधिसूचना काही महिन्यांनी बारा वाजताच्या त्या रटाळ मिनिटांत पटलावर येईल. दुरुस्ती विधेयक असेल, तर मूळ कायद्यातले संबंधित उतारे परिशिष्टात दिलेले असतात. ते आणि नवी कलमं शेजारी-शेजारी ठेवून वाचा.

आता सभागृहातले टप्पे. पहिला : मांडण्याची परवानगी. नियम ७२ खाली कुणी विरोध केला, तर थोडक्यात म्हणणं ऐकून मत घेतात. हा सहसा औपचारिक टप्पा असतो, पण नेहमी नाही. ‘एक देश, एक निवडणूक’साठीचं १२९ वं घटनादुरुस्ती विधेयक १७ डिसेंबर २०२४ रोजी मांडताना मतविभागणी झाली : बाजूनं २६९, विरोधात १९८. मांडायला साधं बहुमत पुरतं, म्हणून ते मांडलं गेलं. पण घटनादुरुस्ती मंजूर व्हायला उपस्थित आणि मतदान करणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश मतं, शिवाय एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं. त्या दिवशी ४६७ जणांनी मत दिलं, त्याचे दोन-तृतीयांश ३१२. हे गणित वहीत मांडलं, की विधेयक तिथून दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं यामागची परिस्थिती समजायला कुणा विश्लेषकाची गरज उरत नाही.

दुसरा टप्पा : विचारार्थ प्रस्ताव. मंत्री भूमिका मांडतात आणि सर्वसाधारण चर्चा होते. विधेयक प्रवर समितीकडे (त्याच विधेयकासाठी नेमलेल्या निवडक सदस्यांच्या समितीकडे) पाठवावं किंवा जनमतासाठी फिरवावं, अशा दुरुस्त्याही सदस्य सुचवू शकतात. इथली भाषणं ऐकताना एकच कसोटी लावा : वक्ता विधेयकातल्या कलमावर बोलतोय की फक्त पक्षावर? स्थायी समितीच्या अहवालाचा, एखाद्या कलमाच्या क्रमांकाचा उल्लेख करणारी दोन-चार भाषणं प्रत्येक चर्चेत असतात, सगळ्या बाकांवरून असतात. ती नावं टिपून ठेवा. पुढच्या वेळी त्यांची भाषणं आवर्जून ऐका.

तिसरा टप्पा सर्वांत वेगवान आणि खरा निर्णायक : कलमवार मतदान. ‘प्रश्न यह है कि खंड 2 से 15 विधेयक का अंग बनें’ हे वाक्य ऐकू आलं, की कान टवकारा. दुरुस्त्या मांडल्या जातात, फेटाळल्या जातात, आणि पाच-दहा मिनिटांत सगळी कलमं होतात. पहिलं कलम, अधिनियमन सूत्र (‘संसद हा कायदा करत आहे’ अशा अर्थाचं ठरावीक वाक्य) आणि नाव शेवटी घेतात. मग चौथा टप्पा, ‘विधेयक पारित किया जाए’.

बहुतेक मतं आवाजी असतात. आवाजी मतदानात कोण कुठल्या बाजूला होतं, याची नोंद राहत नाही. म्हणूनच सदस्य मतविभागणी मागतात. मग घंटा साडेतीन मिनिटं वाजते, दारं बंद होतात आणि सदस्य बटणं दाबतात : बाजूनं हिरवं, विरोधात लाल, तटस्थ पिवळं. मतविभागणीची नावानिशी यादी कामकाजात छापली जाते. आपल्या खासदारानं कशाला मत दिलं याचा हाच एक पक्का पुरावा, आणि बातमीत तो क्वचितच येतो. वक्फ दुरुस्ती विधेयकावरची अशी मतविभागणी एप्रिल २०२५ मध्ये मध्यरात्र उलटून गेल्यावर झाली : २८८ विरुद्ध २३२. उलट टोकाला, कृषी कायदे मागे घेणारं विधेयक २९ नोव्हेंबर २०२१ रोजी चर्चेविना काही मिनिटांत आवाजी मतानं मंजूर झालं. तुमचं मत कायद्याच्या बाजूचं असो की विरोधातलं, ज्या विषयावर वर्षभर शेतकरी दिल्लीच्या वेशीवर बसले होते, त्यावर सभागृहात चर्चाच होऊ नये हे मला आजही खटकतं.

मतं मोजताना पक्षादेशही (व्हिप) लक्षात घ्या. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिप मोडणाऱ्याचं सदस्यत्व जाऊ शकतं, त्यामुळे निकाल बहुधा आधीच दिसतो. तरी मोजणं सोडू नये. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मतानं पडलं होतं.

पायरी ८ : शुक्रवार वेगळा काढा

शुक्रवारी बैठकीचे शेवटचे अडीच तास मंत्री नसलेल्या सदस्यांचे असतात. एका शुक्रवारी अशासकीय विधेयकं, दुसऱ्या शुक्रवारी ठराव. आजवर अशी फक्त चौदा विधेयकं कायद्यात उतरली, आणि शेवटचं १९७० साली. मग कशाला पाहायचं? कारण इथे व्हिपचा जाच कमी असतो आणि सदस्य स्वतःच्या डोक्यानं बोलतात.

राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांचं उदाहरण प्रत्येक मराठी वाचकाला माहीत हवं. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्याच्या निकालानं मूलभूत हक्कांत बदल करण्याचा संसदेचा अधिकार नाकारला. तो अधिकार परत मिळावा म्हणून नाथ पैंनी त्याच वर्षी अशासकीय विधेयक आणलं. ते संयुक्त समितीकडे गेलं, देशभर वाद झडला, पण ते मंजूर झालं नाही. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले आणि त्याच वर्षी २४ व्या घटनादुरुस्तीनं सरकारनं तोच मुद्दा घटनेत घातला. विरोधी बाकावरचा एक माणूस देशाच्या चर्चेचा विषय ठरवू शकतो, तो अशा शुक्रवारी.

पायरी ९ : संध्याकाळ

सहा वाजत आले, की आसनावरून ‘सभा की सहमति हो तो’ असं म्हणत वेळ वाढवून घेतली जाते. आठवड्यातल्या काही दिवशी शेवटचा अर्धा तास नियम ५५ खालच्या चर्चेसाठी असतो : एखाद्या प्रश्नाला मिळालेलं उत्तर अपुरं वाटलं, तर त्यातल्या वस्तुस्थितीवर सदस्य खुलासा मागू शकतो. फार वापरली जात नाही, हे दुर्दैव.

पायरी १० : दुसऱ्या दिवशीचं वाचन

कामकाजाचा शब्दशः वृत्तान्त संकेतस्थळावर येतो, आधी असंशोधित रूपात. सदस्य हिंदीत किंवा इंग्रजीत बोलला असेल, तर त्याच भाषेत. ‘व्यवधान’ असं कंसात दिसलं, तर तिथे गोंधळ होता. चांदण्या दिसल्या, तर नियम ३८० खाली शब्द कामकाजातून वगळलेत. समाजमाध्यमांवरची एखादी चित्रफीत आणि हा वृत्तान्त ताडून पाहा. मागचं-पुढचं वाक्य वाचलं की अर्थ किती बदलतो, ते कळेल.

अतारांकित उत्तरं हा तर खजिना आहे. ती त्याच दिवशी बारानंतर उपलब्ध होतात. उत्तरापेक्षा त्याचं परिशिष्ट आधी उघडा. राज्यनिहाय तक्त्यात महाराष्ट्र आणि गोव्याची ओळ शोधा आणि आकडे कोणत्या तारखेपर्यंतचे आहेत ते पाहा. स्थानिक वार्ताहरासाठी एका अधिवेशनात वर्षभराच्या बातम्या इथे असतात.

आता सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट. उत्तरात ‘माहिती गोळा करण्यात येत आहे आणि ती पटलावर ठेवली जाईल’ किंवा ‘बाब विचाराधीन आहे’ अशा धर्तीचं वाक्य आलं, तर ती पळवाट नसून अधिकृत आश्वासन मानलं जातं. अशी वाक्यं कामकाजातून वेचून काढली जातात, ती तीन महिन्यांत पूर्ण करायची असतात, न झाल्यास मुदतवाढ मागावी लागते, आणि सरकारी आश्वासनविषयक समिती त्यांचा पाठपुरावा करते. कुठलं आश्वासन पूर्ण झालं, कुठलं वगळण्याची विनंती झाली, हे समितीच्या अहवालांत छापलेलं असतं. तुमच्या वहीत अशा वाक्यापुढे तीन महिन्यांनंतरची तारीख लिहा आणि त्या तारखेला खरंच शोधा.

प्रत्यक्ष जाऊन पाहायचं असेल तर

प्रेक्षक सज्जाचा पास खासदाराच्या शिफारशीनं मिळतो. तुमच्या खासदाराच्या कार्यालयाशी काही दिवस आधी बोला आणि सरकारी ओळखपत्र तयार ठेवा. फोन, पिशवी, वही आत नेता येत नाही, अगदी लहान मुलांना प्रवेश नसतो, आणि पास ठरावीक वेळेपुरता असतो. आत टाळ्या, हातवारे, बोलणं काहीही चालत नाही. १३ डिसेंबर २०२३ रोजी सज्जातून दोघांनी सभागृहात उड्या मारल्या, त्यानंतर तपासणी फार कडक झाली आहे, तेव्हा वेळेच्या बरंच आधी पोचा.

त्या घटनेनंतरच्या आठवड्यातलं एक निरीक्षण अभ्यासकानं नोंदवून ठेवावं. गृहमंत्र्यांच्या निवेदनाची मागणी करणाऱ्या विरोधी सदस्यांचं निलंबन होत गेलं आणि अधिवेशनभरात दोन्ही सभागृहांत मिळून आकडा १४६ वर पोचला. निलंबित सदस्यांचे प्रश्नही यादीतून वगळले गेले. म्हणजे मतदारसंघाचा आवाज सभागृहातल्या भाषणापुरताच नाही, तर हिरव्या-पांढऱ्या यादीतूनही गेला. निलंबनाची बातमी वाचताना याद्या पुन्हा उघडून पाहाव्यात, ते यासाठी.

आपला प्रश्न खासदाराकडे कसा द्यायचा

आपला विषय यादीत यावा असं वाटत असेल, तर भावनेनं भरलेलं चार पानी निवेदन देऊ नका. प्रश्नाच्या रूपातच द्या. एका वेळी एकच मंत्रालय आणि एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. मत, टोमणा, आरोप, ‘जर असं झालं तर’ अशी कल्पना यांतलं काही नको, नियमांत तसा प्रश्न बसत नाही. न्यायप्रविष्ट बाब टाळा. पोलीस किंवा कायदा-सुव्यवस्था यांसारखा राज्याचा विषय विचारला तर ‘हा राज्याचा विषय आहे’ एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी केंद्रानं त्यासाठी दिलेला निधी, केंद्राची योजना, केंद्राकडे अडकलेली परवानगी यांबद्दल विचारा. ‘गेल्या पाच वर्षांत, वर्षनिहाय आणि राज्यनिहाय’ हे शब्द घाला, म्हणजे परिशिष्ट मिळेल. नमुना असा :

‘(क) गेल्या पाच वर्षांत अमुक योजनेखाली महाराष्ट्राला मंजूर झालेला आणि प्रत्यक्ष वितरित झालेला निधी, वर्षनिहाय, (ख) अमुक जिल्ह्यातल्या प्रलंबित प्रस्तावांची संख्या आणि प्रत्येकाच्या विलंबाची कारणं, (ग) ते निकाली काढण्यासाठी ठरवलेली कालमर्यादा.’

खासदाराला दर दिवसाच्या यादीत एकच तारांकित प्रश्न मिळू शकतो आणि तारांकित-अतारांकित धरून एकूण पाच. तेव्हा तारांकितचाच हट्ट धरू नका, अतारांकित उत्तरातही तीच माहिती येते. पंधरा दिवसांची अट आणि मंत्रालयाचा वार लक्षात घेऊन, अधिवेशनाची तारीख जाहीर होताच मसुदा त्यांच्या कार्यालयात पोचता करा. पोच घ्या. प्रश्नाच्या याद्यांत खासदाराच्या नावानं शोधता येतं, तेव्हा तो आला की नाही हे तुम्हाला त्याच संकेतस्थळावर पाहता येईल. नाही आला, तर पुढच्या अधिवेशनाआधी तोच कागद घेऊन पुन्हा जा.